पीकवाणांच्या बीजसंग्रहात जनुकीय विविधता टिकवणे: नमुना किती, कसा आणि कुठून घ्यावा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीजसंग्रह उभा करताना सगळ्यांचे लक्ष शेतातून बी गोळा करण्याकडे असते. पण साफसफाई, उगवण चाचणी, वाटप, नव्याने पीक घेऊन बी वाढवणे या प्रत्येक पायरीवर नकळत पुन्हा नमुनाच घेतला जातो. ज्या पायरीवर झाडांची संख्या सर्वांत कमी, तिथे विविधतेची मर्यादा ठरते. पुढची उत्तरे या हिशेबाने वाचावीत.

नमुना नेमका कशाचा घ्यायचा: बियांचा, झाडांचा की जनुकांचा?

मोजायची असतात जनुकांची रूपे, म्हणजे ॲलील. एकाच जनुकाची दोन-तीन किंवा अधिक रूपे एखाद्या वाणात फिरत असतात. काही बहुतेक झाडांत सापडतात, तर काही शंभरात चार-पाच झाडांत. संग्रहात या रूपांची किमान एकेक प्रत यावी, एवढेच उद्दिष्ट ठेवले तर गणित सुटसुटीत होते. हाताशी मात्र ॲलील नसतात, झाडे असतात. त्यामुळे पहिला हिशेब झाडांचा आणि दुसरा बियांचा करावा. ‘दोन किलो बी जमा आहे’ या वाक्यातून विविधतेबद्दल काहीच कळत नाही. ते दोन किलो किती झाडांचे, हे कळले तरच त्याला अर्थ आहे.

५९ हा आकडा कुठून आला?

मार्शल आणि ब्राऊन या वनस्पती-जनुकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये जो निकष मांडला तो असा: ५ टक्क्यांहून जास्त वारंवारता (म्हणजे समूहातले प्रमाण) असलेल्या ॲलीलची किमान एक प्रत ९५ टक्के खात्रीने नमुन्यात यावी. यादृच्छिक (चिठ्ठी टाकून काढावे तशा) निवडलेल्या एका युग्मकात, म्हणजे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असलेल्या प्रजननपेशीत, असे ॲलील नसण्याची शक्यता ०.९५ असते. दोन युग्मकांत नसण्याची ०.९५ × ०.९५. हा गुणाकार ५९ वेळा केला की शक्यता ०.०४८ पर्यंत उतरते, म्हणजे ५ टक्क्यांच्या खाली.

खात्री ९९ टक्के हवी असेल तर ९० युग्मके लागतात. आणि हे झाले एका जनुकस्थानापुरते. अशा १०० स्वतंत्र जागा असतील आणि त्या सगळ्यांवरची ५ टक्क्यांची ॲलील एकाच नमुन्यात ९५ टक्के खात्रीने हवी असतील, तर १४८ युग्मके लागतात. जागा शंभरपट झाल्या तरी नमुना अडीचपटच झाला. म्हणूनच ५० ते १०० झाडे हा व्यवहारातला पल्ला बहुतेक पिकांना पुरतो. त्यापुढे कष्ट वाढतात आणि लाभ हळूहळू आटत जातो.

मग ३० झाडे पुरतात की ५९?

हे परागीभवनावर ठरते. परपरागसिंचित (दुसऱ्या झाडाच्या परागाने फळणाऱ्या) पिकात प्रत्येक झाड दोन वेगळी युग्मके घेऊन उभे असते, म्हणून ५९ युग्मकांसाठी ३० झाडे. पूर्ण स्वपरागसिंचित (स्वतःच्याच परागाने फळणाऱ्या) पिकात झाड जवळजवळ समयुग्मी असते. त्याच्या दोन्ही प्रती सारख्याच, म्हणजे मोजणीला एकच. तिथे ५९ झाडे हवीत. मक्यासाठी ३० आणि गव्हासाठी ६० हे उलटे वाटेल, पण हिशेब तसाच आहे. अधूनमधून परपरागीभवन होणारी पिकेही असतात. त्यांच्या बाबतीत शंका आली तर स्वपरागसिंचित धरूनच चालावे.

यात एक गृहीत लपलेले आहे: निवडलेली झाडे एकमेकांची भावंडे नसावीत. एकाच कणसाचे दाणे शेजारी-शेजारी पडून उगवलेली दहा रोपे घेतली, तर ती दहा मोजली जाणार नाहीत.

एकाच भरघोस झाडाचे भरपूर बी घेतले तर?

परपरागसिंचित पिकात एका मातेची सगळी संतती मिळून जेमतेम चार असंबंधित झाडांइतकीच विविधता धरते, मग बिया चाळीस असोत की चार हजार. पराग कितीही बापांकडून आला तरी आईचा अर्धा वाटा तोच राहतो. स्वपरागसिंचित पिकात तर ते एकच झाड ठरते. भरघोस झाड निवडण्याचा दुसरा तोटा म्हणजे ती नमुनेदारी उरत नाही, निवड पद्धत होते. उंच, लवकर पक्व होणारी, मोठ्या कणसांची झाडेच गोळा झाली तर उशिरा येणारे आणि बुटके प्रकार पहिल्याच दिवशी वगळले गेले.

शेतात झाडे निवडायची कशी?

‘सहज हाताला येईल ते’ म्हणजे यादृच्छिक नव्हे. हात नेहमी बांधाजवळच्या, कमरेइतक्या उंचीच्या, डोळ्यांत भरणाऱ्या कणसाकडे जातो. त्याऐवजी असे करावे.

समजा शेतात ३० ओळी आहेत, प्रत्येक ५० मीटरची. एकूण लांबी १५०० मीटर. ६० झाडे हवीत, म्हणजे दर २५ मीटरला एक. १ ते २५ पैकी एका आकड्याची चिठ्ठी काढावी. १७ निघाला तर पहिले झाड १७ व्या मीटरवर, पुढचे ४२ व्या, त्यापुढचे ६७ व्या. ओळ संपली की मोजणी पुढच्या ओळीत चालू ठेवावी. खुणेला सर्वांत जवळचे झाड घ्यायचे, ते किडके असो की खुरटे. अजिबात बी नसेल तरच पुढचे झाड घ्यावे आणि तशी नोंद करावी.

ठराविक अंतराची ही पद्धत एका ठिकाणी फसते: शेतातली एखादी गोष्ट त्याच अंतराने पुन्हापुन्हा येत असेल तर. पाण्याचे पाट दर २५ मीटरला असतील तर सगळी झाडे पाटाकाठचीच मिळतील. तेव्हा अंतर बदलावे. शेताचा एक भाग खोलगट किंवा खारवट असेल तर त्याला वेगळा स्तर समजून तिथली झाडे स्वतंत्रपणे मोजून घ्यावीत. शेजारच्या शेतात त्याच पिकाचा दुसरा वाण असेल तर त्या बाजूच्या कडेच्या ओळी सोडाव्यात.

अनोखा रंग, वेगळा आकार असे काही दिसले तर ते जरूर घ्यावे, पण वेगळ्या पिशवीत आणि वेगळ्या क्रमांकाने. यादृच्छिक नमुन्यात ते मिसळले की त्या वाणातल्या वारंवारता कायमच्या बिघडतात.

एका शेतातली जास्त झाडे घ्यावीत की जास्त शेते?

वेळ मोजका असेल तर जास्त शेते, हे आमचे स्पष्ट मत. मार्शल आणि ब्राऊन यांनी ॲलीलचे चार गट केले: सर्वत्र सापडणारी सामान्य, एखाद्याच भागात पण तिथे सामान्य, सर्वत्र विखुरलेली दुर्मीळ आणि एखाद्याच भागातली दुर्मीळ. पहिला गट कसाही नमुना घेतला तरी येतो. विखुरलेली दुर्मीळ ॲलील एकूण किती झाडे घेतली त्यावर येतात, ती कुठली याने फारसा फरक पडत नाही. शेवटचा गट निव्वळ नशिबावर. खरा प्रश्न दुसऱ्या गटाचा आहे. एखाद्या भागातल्या रोगाला, जमिनीला किंवा हवामानाला जुळलेली जनुके बहुधा इथेच असतात आणि त्या भागात पाऊल टाकल्याशिवाय ती मिळत नाहीत.

स्वपरागसिंचित पिकांत हे अधिक लागू पडते. त्यांची सुमारे अर्धी विविधता एका समूहाहून दुसऱ्या समूहात गेल्यावर दिसते. वाऱ्याने पराग वाहणाऱ्या पिकांत हा वाटा एक दशांशाच्या आसपास असतो, बाकी सगळी विविधता एकाच शेतात भेटते.

प्रत्येक झाडाचे बी वेगळे ठेवावे की एकत्र करावे?

शक्य असेल तर मातृवार वेगळी पाकिटे. जागा आणि मनुष्यबळ नसेल तर एकत्र, पण प्रत्येक झाडाकडून सारख्याच संख्येने बी घेऊन. सारख्या वजनाने नव्हे. मोठ्या दाण्यांच्या झाडाचे १० ग्रॅम म्हणजे कमी बिया आणि बारीक दाण्यांच्या झाडाचे १० ग्रॅम म्हणजे खूप जास्त. मूळ मातृवार बियांतला थोडा भाग तरी वेगळा राखावा. एकत्र केलेले बी पुन्हा वेगळे करता येत नाही.

एकत्र बियांतून छोटा नमुना काढताना काय बिघडते?

उदाहरण घ्या. ६० झाडांचे प्रत्येकी ३०० बी, एकूण १८,००० एकत्र केले आणि त्यातून ५० बी काढून कोणाला तरी दिले. एखादी विशिष्ट माता या ५० मध्ये अजिबात न येण्याची शक्यता ४३ टक्के आहे. म्हणजे सरासरी ३४ मातांचेच बी जाते, २६ माता गायब. याच ५० बियांतून पुढे कोणी स्वतःचा संग्रह वाढवला तर त्याच्यापर्यंत पोचलेला वाण मूळ वाणाहून वेगळा असेल, आणि लेबल मात्र तेच.

दुसरी अडचण यांत्रिक आहे. डब्यातले बी हलले की बारीक दाणे तळाशी जातात, मोठे वर येतात. वरून मूठभर काढले की मोठ्या दाण्यांचे प्रकार जास्त येतात. बी पूर्ण ओतून, पसरून, नीट मिसळून चार भाग करावेत. समोरासमोरचे दोन भाग उचलून पुन्हा मिसळावेत आणि हवी तेवढी संख्या येईपर्यंत हेच करावे. नमुना विभाजक यंत्र असेल तर उत्तम.

चाळणीचेही तेच. साफसफाईत ‘हलके’ म्हणून उडवलेले बी रिकामे आहे की बारीक दाण्याच्या प्रकाराचे, हे कापून पाहिल्याशिवाय टाकू नये. व्यापारी बियाण्याची प्रतवारी करण्याची सवय असलेल्या हातांकडून ही चूक हमखास होते.

उगवण चाचणीला किती बी लावावे?

२०० लावता आले तर चांगले. उगवण ८५ टक्क्यांच्या आसपास असेल तर २०० बियांच्या चाचणीत उत्तर ५ टक्के इकडेतिकडे होऊ शकते, १०० मध्ये ७ आणि ५० मध्ये १० टक्के. ५० बी लावून ७८ टक्के आले म्हणून घाबरण्याचे किंवा ९० आले म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही. पण नमुना मुळातच छोटा असेल तर चाचणीत २०० बी खर्च करणे हेच नुकसान. तेव्हा ५० लावून अनिश्चितता मान्य करावी आणि उगवलेली रोपे फेकण्याऐवजी वाढवावीत.

वाळवणे आणि साठवण यांचा विविधतेशी काय संबंध?

थेट संबंध आहे, कारण बी मरते तेव्हा सगळे प्रकार सारख्या वेगाने मरत नाहीत. एका मिश्र वाणात दोन प्रकार निम्मे-निम्मे आहेत असे धरा. साठवणीनंतर पहिल्याची उगवण ९०, दुसऱ्याची ४५ टक्के. पेरणीनंतर शेतात प्रमाण ६७:३३ होते. पुन्हा तितकीच झीज होऊ दिली तर ८०:२०, तिसऱ्यांदा ८९:११. एकाही माणसाने निवड केली नाही, तरी निवड झाली.

जागतिक अन्न व कृषी संघटनेची २०१४ ची जनुकपेढी मानके सांगतात की बी ५ ते २० अंश सेल्सिअस आणि १० ते २५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत वाळवावे, हवाबंद करून −१८ अंशांच्या आसपास ठेवावे. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम आहे की ओलावा १ टक्क्याने किंवा तापमान ५ अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते. तो ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या पल्ल्यातच लावावा. वाळवण सहन न करणाऱ्या बियांना यातले काही लागू नाही.

नव्याने पीक घेऊन बी वाढवताना किती झाडे लावावीत?

सर्वाधिक विविधता बहुतेक याच पायरीवर गळते. कारण शेत, मजूर, वेळ सगळेच अपुरे आणि ‘बी तर पुरेसे मिळतेय ना’ हा मोह.

एका पिढीत विषमयुग्मता (झाडातल्या एका जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या असण्याचे प्रमाण) किती घटते हे परिणामकारक झाडसंख्येवर ठरते: १ भागिले दुप्पट संख्या. संख्या २५ असेल तर दर पिढीला २ टक्के, १०० असेल तर अर्धा टक्का. दहा पिढ्यांनंतर पहिल्या संग्रहात ८२ टक्के उरते, दुसऱ्यात ९५. ॲलीलचे नुकसान याहून वेगाने होते. परपरागसिंचित पिकाची १० झाडे लावली तर ५ टक्के वारंवारतेचे ॲलील एकाच पिढीत हरवण्याची शक्यता ३६ टक्के, २० झाडांत १३ टक्के.

परिणामकारक संख्या म्हणजे उभ्या झाडांची मोजणी नव्हे. पुढच्या पिढीत प्रत्येक झाडाचा वाटा सारखा नसतो. झाडांची संख्या गुणिले ४, भागिले (२ अधिक वाट्यातील विचरण), हे सूत्र वापरावे. विचरण म्हणजे झाडाझाडांच्या वाट्यात किती तफावत आहे याचे माप. हे विचरण १० असेल तर १०० झाडे म्हणजे प्रत्यक्षात ३३. प्रत्येक मातेकडून मोजून सारखे बी घेतले, पण पराग मोकळा राहू दिला तर विचरण १ च्या आसपास येते आणि १०० झाडे १३३ सारखी वागतात. पराग देणाऱ्या झाडांचा वाटाही हाताने परागीभवन करून सारखा केला तर २०० सारखी. एका पैचाही जास्तीचा खर्च न करता फक्त मोजून बी घेण्याने एवढे मिळते, तरीही बहुतेक ठिकाणी कणसे एकत्र मळली जातात.

मक्यासाठी किमान १०० चांगली कणसे हे प्रचलित लक्ष्य आहे. फुलोऱ्यावर कागदी पिशव्या, झाड ते झाड परागीभवन, प्रत्येक कणसाचे मोजके ५० दाणे.

पेरायचे बी असे काढावे: कापणीला १२० झाडे हवीत, उगवण ८० टक्के, शेतात तग धरण्याचे प्रमाण ७५ टक्के. १२० भागिले (०.८० × ०.७५) म्हणजे २००. विरळणी करताना जोमदार रोप ठेवून बारीक उपटण्याचा हात आवरावा. ओळीतले डावीकडचे रोप ठेवायचे, असा आंधळा नियम लावावा. उशिरा उगवणारी बी असेल तर ट्रे लवकर रिकामे करू नयेत. कापणी एकाच दिवशी केली तर उशिरा पिकणारे आणि लवकर झडणारे दोन्ही प्रकार गेले, म्हणून दोन-तीन फेऱ्यांत कापावे.

पुनरुत्पादन, म्हणजे नव्याने पीक घेऊन बी वाढवणे, कधी करावे?

उगवण सुरुवातीच्या उगवणीच्या ८५ टक्क्यांखाली आली की. सुरुवात ९६ असेल तर सुमारे ८२ वर. बी वाटून संपत आले हे दुसरे कारण. याखेरीज ‘दर काही वर्षांनी’ अशी सवय लावू नये, प्रत्येक फेरीत काहीतरी गळतेच. सुरुवातीलाच जास्त बी तयार करून फेऱ्या लांबवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

मिश्र दिसणाऱ्या स्थानिक वाणाचे ‘शुद्धीकरण’ करावे का?

नाही. तीन रंगांचे दाणे असलेला स्थानिक वाण मिश्रण म्हणूनच जपायचा असतो. भेसळ खरोखर झाली असेल, उदाहरणार्थ मळणी यंत्रातून दुसऱ्या पिकाचे दाणे आले, तर ते काढावेत. भेसळ की मूळचे मिश्रण हे सांगता येत नसेल तर मूळ नमुना जसाच्या तसा ठेवून बाजूला रंगवार उपनमुने करावेत.

१ टक्का वारंवारतेची दुर्मीळ ॲलीलही पकडायची का?

त्यासाठी २९९ युग्मके लागतात, म्हणजे परपरागसिंचित पिकाची १५० झाडे. ०.१ टक्क्यासाठी २,९९५ युग्मके. प्रत्येक शेतात हे परवडत नाही आणि बहुतेक दुर्मीळ ॲलील निरुपयोगी किंवा अपायकारक असतात. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळी’ नव्हे. भातावरच्या ग्रासी स्टंट विषाणूला प्रतिकार शोधताना ६,००० हून अधिक नमुने तपासले गेले. प्रतिकार मिळाला तो ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एकाच नोंदीत (संग्रहातल्या स्वतंत्र क्रमांकाच्या नमुन्यात), आणि तिच्यातल्याही मोजक्याच रोपांत. त्या नोंदीचे पुनरुत्पादन पाच-सहा रोपांवर उरकले असते तर तो गुण सहज निसटला असता.

संग्रह फार मोठा असेल तर गाभा संग्रह कसा निवडावा?

गाभा संग्रह म्हणजे मोठ्या संग्रहातून निवडलेला, त्याची बरीचशी विविधता धरणारा छोटा संच. ही कल्पना फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये मांडली. ब्राऊन यांनी १९८९ मध्ये दाखवले की साधारण १० टक्के नोंदी नीट निवडल्या तर ७० टक्के ॲलील हाताशी राहतात. नीट म्हणजे आधी गट पाडून. समजा तीन गटांत १०००, १०० आणि १० नोंदी आहेत आणि ६० निवडायच्या आहेत. प्रमाणात निवडल्या तर ५४, ५ आणि जेमतेम १ येतात. संख्येच्या लॉगरिथमवर (इथे ३, २ आणि १) निवडल्या तर ३०, २० आणि १०. छोटा, वेगळा गट बुडत नाही. गाभा हा वापरण्याच्या सोयीसाठी असतो. उरलेल्या ९० टक्के नोंदी टाकून देण्याचा तो परवाना नव्हे.

आमच्याकडे आठच झाडांचा जुना नमुना आहे. ठेवावा का?

जरूर ठेवावा. आठ असंबंधित झाडांत मूळ समूहाची सुमारे ९४ टक्के विषमयुग्मता येते. ५ टक्क्यांची ॲलील मात्र प्रत्येकी ४४ टक्के शक्यतेने सुटलेली असतात. पुनरुत्पादन करताना आठही मातांचे बी सारख्या संख्येने घ्यावे. त्याच जागी तो वाण अजून पिकत असेल तर नव्याने नमुना घ्यावा, पण जुन्यात मिसळू नये. वेगळा क्रमांक द्यावा.

कंद किंवा कलमांनी वाढणाऱ्या पिकांचे काय?

तिथे प्रत्येक वेगळा कृंतक (एकाच झाडापासून कंद-कलमांनी वाढलेली, जनुकीयदृष्ट्या सारखी झाडे) म्हणजे एक जनुकीय संच. एका शेतातून ६० कंद घेणे व्यर्थ, ते साठही एकाच कृंतकाचे असू शकतात. दिसायला वेगळे असे सर्व प्रकार एकेक करून घ्यावेत आणि जास्तीत जास्त शेते फिरावे.

दुसऱ्या ठिकाणी राखीव प्रत ठेवताना काय पाहावे?

ती मूळ पिढीच्या बियांचीच असावी आणि शक्य तितक्या मातांची. उरलेसुरले बी पाठवणे ही नेहमीची चूक. स्वालबार्डचे २००८ मध्ये सुरू झालेले जागतिक बीजभांडार पाठवलेले पाकीट न उघडता जपते. आत २० मातांचे बी असेल तर परत मिळणारेही २० मातांचेच.

नोंदवहीत कोणते आकडे असलेच पाहिजेत?

किती झाडांचे बी घेतले, झाडे कोणत्या पद्धतीने निवडली, शेतात अंदाजे किती झाडे होती, प्रत्येक झाडाचे किती बी आले. पुनरुत्पादनाच्या प्रत्येक फेरीत: किती बी पेरले, किती उगवले, किती झाडे फुलली, किती झाडांचे बी कापणीत आले, प्रत्येकाकडून किती घेतले, परागीभवन कसे झाले. पिढीचा क्रमांक पाकिटावरच लिहावा. ‘बी घेतलेली झाडे’ हा रकाना रिकामा असेल तर पुढच्या माणसाने तो नमुना एका झाडाचा आहे असे धरूनच हिशेब करावा.